पिस्टनचं पातेलं

सर, तुमच्या त्या छोट्या विलायती गाडीची खरी किंमत तुम्ही कधी कुणाला सांगितली नाहीत. मायदेशी परतणाऱ्या साहेबाकडून सातशे रुपयांत घेतली, एवढंच सांगायचात. बाकीचं मी सांगतो. काकूंचं रेशनचं रॉकेल, जे गाडीचे भाग धुण्यात संपायचं आणि मग त्या बाईला महिनाअखेर ओल्या लाकडांवर भात शिजवावा लागायचा. एक पितळी पातेलं. तुमची दोन जुनी धोतरं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख. आणि माझे तीन वर्षांचे रविवार, कारण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी बापाबरोबर मिठागरावर असायचो.

सातवीनंतर शाळा सुटली तरी तुम्ही मला विसरला नाहीत, हे कबूल. कल्याणच्या तुमच्या घराच्या परसात गाडी उभी असायची आणि वर्षातून एकदा तिचं इंजिन पूर्ण उघडायचं. तुम्ही पायरीवर खुर्ची टाकून इंग्रजी पुस्तकातून वाचायचात, मी खाली गोणपाटावर बसून बोल्ट सोडायचो. धातू तापला की फुगतो, म्हणून दांडा जोडणारी पिन बसवायच्या आधी पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवायचं, हे तुम्ही इतकं छान समजावलंत की आजही माझ्या तोंडी तुमचीच वाक्यं येतात. पण ते पाणी उकळायचं स्वयंपाकघरात, काकूंच्या पितळी पातेल्यात. मी परसात रॉकेलनं घासलेलं पिस्टन तुमच्या हातात द्यायचो, तुम्ही ते घेऊन आत जायचात, देवघरावरून, थेट चुलीपाशी. माझी हद्द पायरीपर्यंत. आतून काकूंचा आवाज यायचा, “अहो, तुमचं ते काळं आधी बाहेर न्या. वरणाला वास लागलाय.” मग मला, “अरे, चहा ठेवलाय हो दगडावर. मग धुऊन पालथा घाल.” तो ॲल्युमिनियमचा मग धुण्याच्या दगडावरच राहायचा, वर्षभर, पावसातसुद्धा. लोखंड, काजळी, दुसऱ्याच्या देशातलं जळकं तेल, सगळं तुमच्या चुलीला चालत होतं. मी आंघोळ करून येत होतो, सर. रॉकेलचा आणि चहाचा वास एकत्र आला की आजही मला मळमळतं. माझ्या गॅरेजात पोरं हसतात, म्हणतात, “शेट, धंदा गाडीचा आणि रॉकेलची शिसारी?”

पण खरी किळस आली ती त्या रविवारी. काकूंचे मावसभाऊ, ज्यांना सगळे मामा म्हणत, येणार होते; ठाण्याच्या एका कारखान्यात माणसं भरणं त्यांच्या हातात होतं. तुम्हीच आदल्या आठवड्यात म्हणाला होतात, “त्यांच्या कानावर घालतो तुझं. मिठागरात आयुष्य घालवू नकोस.” त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो. आईलाही सांगून बसलो होतो. सकाळी सहाला येऊन मी चारही पिस्टन बसवली, इंजिन पुन्हा जोडलं, तेल भरलं. पाहुण्यांचा टांगा दारात वाजला तेव्हा तुम्ही पायरी उतरून खाली आलात, डब्यातल्या जळक्या तेलात दोन्ही पंजे बुडवलेत आणि मनगटापर्यंत चोळलेत. एक बोट कपाळावरही ओढलंत. मी बघत होतो आणि तुम्हाला ठाऊक होतं की मी बघतोय.

मामांनी इंजिन चालू करून ऐकलं. म्हणाले, “वा, घड्याळासारखं चाललंय. कोणी बांधलं?”

“मीच. घरी. परका हात लावू देत नाही मी हिला.”

“आणि हा?”

“हा धरायला असतो.”

मी फडकं घेऊन मडगार्ड पुसत राहिलो. मामा माझ्याकडे बघून विसरूनही गेले. तुम्ही काकूंना मागे बसवलंत, डबे ठेवलेत आणि खडवलीला नदीवर जेवायला निघालात. मी चहाचा मग धुतला, पालथा घातला, गावाची वाट धरली.

शहाडच्या पुढे गाडीनं ठोके दिले, मग धूर, मग बंदच. कुणाच्या तरी बैलांनी तुम्हाला ओढत कल्याणात आणलं आणि सगळ्या आळीनं ते पाहिलं. हा प्रसंग मी गेली कित्येक वर्षं गॅरेजात रंगवून सांगतो. माझ्या कानाची ख्याती तुम्हाला ठाऊक नाही. बॉनेट न उघडता मी कुठला भाग गेला ते सांगतो, डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत लोक त्यासाठी येतात. पोरांना सांगतो, “त्या दिवशी चौथ्या पिस्टनात टिकटिक होती. सरांना नाही कळली, मामांना नाही कळली. मला स्वच्छ ऐकू आली. पण मी तर नुसता धरायला होतो ना, मग मी कशाला बोलू?” पोरं टाळ्या देतात. माणूस कसा सूड घेतो ते बघा, म्हणतात.

पुढच्या रविवारी आपण इंजिन उघडलं. चौथी पिन बाहेर सरकून सिलिंडरच्या भिंतीला बोटभर चर पडला होता. पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची बारीक कडी बसते, आम्ही तिला लॉक म्हणतो. चार पिनांची आठ लॉकं. एका बाजूचं जागेवर नव्हतं. तुम्ही सगळं तेल धोतराच्या फडक्यातून गाळलंत, तरी मिळालं नाही. मग चष्मा पुसत विचारलंत, “आठही बसवली होतीस ना रे?”

“हो, सर.”

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मामांना पत्रानं कळवलंत की चूक तुमच्याच हातून झाली. ते मोठ्या मनानं केलंत की बढाई टिकवायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला.

चार महिन्यांनी मी त्याच कारखान्याच्या फाटकावर आपणहून उभा राहिलो. मामांनी ओळखलं. “तू त्या गाडीवर होतास ना?”

“सर बांधायचे. मी धरायला असायचो.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि मला आत घेतलं. माझं जे काही झालं ते तिथून झालं.

हे पत्र कपाटात ठेवणार आहे, गॅरेजच्या नाही, घरच्या. पोरांच्या हाती लागायला नको. त्या रविवारी मला टिकटिक-बिकटिक काहीच ऐकू आलं नव्हतं, सर. माझ्याही कानाला ते इंजिन घड्याळासारखंच वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी आई धुणं आपटत होती, तिला दगडावर काहीतरी किणकिणलेलं ऐकू आलं. “यो काय रं तुजे खिशान?” तिनं विचारलं. आठवं लॉक होतं.