सात नंबरचा पत्ता

सोमवार, ३ जून. सकाळी ७.१०
इंटरनेट गेलं. आलं. पुन्हा गेलं.
शुक्रवारी अकराला लेकीची ऑनलाइन मुलाखत, तीही नेटवर्कच्याच कंपनीत. आठ महिने घरी बसल्यावर आलेली पहिलीच. बायको म्हणाली, दादाला बोलावू. दादा म्हणजे माझा मेहुणा. नेटवर्कची कामं करतो आणि करता करता अक्कल शिकवतो. मी साफ नकार दिला. मला तीन दिवस पुरे.

मंगळवार, ४ जून
मूळ सापडलं. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता देतो, पण काही तासांपुरताच. कनेक्शन तुटलं, मुदत संपली, की तोच पत्ता दुसऱ्याला द्यायला मोकळा. घरात माझी खुर्चीही अशीच जाते.
माझ्या कॉम्प्युटरला सात नंबरचा पत्ता हाताने कायमचा टाकून दिला. राउटरला कळवायची गरज वाटली नाही.

बुधवार, ५ जून
माझं नेट झकास. लेकीचं मात्र सारखं तुटतंय. स्वस्तातला लॅपटॉप. (मीच घेतलेला. पण तो विषय वेगळा.)
दुपारी माझंही गेलं. तिच्यामुळेच.
लॅपटॉप म्हणतो, हा पत्ता आधीच कोणीतरी वापरतंय, असं लेक सांगत होती. मी म्हटलं, असल्या सूचना मनावर घ्यायच्या नसतात.

गुरुवार, ६ जून
राउटर अकरा वेळा बंद-चालू केला. दर वेळी दहा मिनिटं उत्तम. बायको बोलत नाहीये. लेक फोनवर मामाशी बोलते, मी आलो की गप्प होते. उद्या कळेल सगळ्यांना.

शुक्रवार, ७ जून. १०.४०
सगळं सज्ज. लक्ष ठेवायला माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलोय.

११.०६
गेलं. लेक दारात आली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाबा, तुमचा कॉम्प्युटर बंद करा. प्लीज."
मी म्हटलं, त्याचा काय संबंध? संबंध समजावून सांगणारच होतो, तेवढ्यात बायकोने येऊन माझी वायर उपटली आणि घेऊन गेली.

११.०९
लेकीचं नेट आलं. पुन्हा तुटलं नाही.

११.३०
दाराशी उभा होतो. स्क्रीनच्या पलीकडून विचारलं, दोन यंत्रांवर एकच पत्ता आला तर काय कराल? लेक जराही अडखळली नाही. म्हणाली, "एखादं यंत्र कोणाला न विचारता पत्ता धरून बसलेलं असतं. आधी ते शोधायचं आणि बाजूला काढायचं."
पलीकडचे हसले. तीही हसली.

सोमवार, १० जून
निवड झाली. मेहुण्याचा फोन आला, सगळे त्याच्याशी बोलले. त्या प्रश्नाचं उत्तर तिला माझ्यामुळेच आलं, असं जेवताना सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. वाईट वाटलं, आणि आनंदही झाला.
वायर अजून बायकोच्या कपाटात आहे. मागितलेली नाही.