उद्घाटनाच्या इतिवृत्तातील कलम सहा वगळणेबाबत

प्रति,
मा. सरचिटणीस,
समतादीप मराठी मंडळ,
अर्विंग, टेक्सस.

विषय : आकाशकक्षाच्या उद्घाटनप्रसंगी विमान कोसळल्याचे खापर अर्जदाराच्या हातांवर फोडणारे वाक्य मंडळाच्या दप्तरातून काढून टाकणेबाबत.

संदर्भ : मंडळाचे दि. २० सप्टेंबर २०२५ रोजी सर्व सभासदांना ईमेलने पाठवलेले इतिवृत्त, कलम ६.

महोदय,

१. अर्जदार राजाराम खोब्रागडे, वय ६८, हे नागपूर विमानतळावर एकतीस वर्षे हवाई वाहतूक नियंत्रक होते. मनोऱ्यात बसून त्यांनी हजारो विमाने उतरवून घेतली, पण स्वतः एकदाही विमान चालवले नाही. गेली सहा वर्षे ते अर्विंग येथे मुलगी उपासना व जावई बुद्धभूषण यांच्याकडे राहतात. मंडळाने सभागृहातील एका खोलीत संगणकावर विमान उडवण्याचा सराव करता येईल असा 'आकाशकक्ष' उभारायचे ठरवले, तेव्हा खरेदी समितीचे निमंत्रक श्री. अरुण ढोबळे स्वतः अर्जदाराच्या घरी आले आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखा एक्स्पर्ट आपल्याकडे दुसरा नाही. तुम्ही फक्त सांगा, मी ऑर्डर करतो." अर्जदारास आनंद झाला. तो लपवण्याचे कारण नाही.

२. अर्जदाराने दोन महिने या विषयाचा अभ्यास केला. दुकानांत जाऊन उभ्या उभ्या प्रश्न विचारले, तरुण विक्रेत्यांना जांभया आवरताना पाहिले, आणि चार पानी टिपण तयार केले. टिपणाचे सार असे की, पडद्यावरचे चित्र रंगवणारे कार्ड कितीही ताकदीचे घेतले तरी विमान पुढच्या क्षणी कुठे असेल, वारा त्याला किती ढकलेल, याचे गणित प्रोसेसर करतो. तो दमला की आकाश जागच्या जागी थांबते. म्हणून आधी वेगवान प्रोसेसर, मग किमान बत्तीस जीबी मेमरी, मग कार्ड. पडदा सुरुवातीला एकच पुरे. विमानाचे खरे वाटेल असे सुकाणू आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाखालची पेडल्स मात्र हवीतच. समितीच्या बैठकीत हे टिपण श्री. ढोबळे यांच्यासमोर होते. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. बैठक संपेपर्यंत कप तिथेच होता.

३. प्रत्यक्षात जे आले ते पाहून अर्जदारास किळस आली. हा शब्द अर्जात शोभत नाही याची जाणीव आहे; पण दुसरा सापडला नाही. काचेची पेटी, आत सतत रंग बदलणारे नऊ पंखे, तीन वाकडे पडदे, आणि या सगळ्या झगमगाटाच्या पोटात जुना प्रोसेसर व आठ जीबी मेमरी. सुकाणूच्या जागी मोटारींच्या शर्यतीचे स्टिअरिंग, त्याला हॉर्नचे बटण. पायाखाली ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. अर्जदाराने नम्रपणे विचारले की विमान हॉर्न कोणाला वाजवणार? श्री. ढोबळे हसून म्हणाले, "काका, आतलं कोण बघतंय यार? लुक महत्त्वाचा. फोटोत काय येणार आहे?"

४. दि. १४ सप्टेंबर रोजी सत्तरेक सभासदांसमोर उद्घाटन झाले. अर्जदाराने या यंत्रावर बसण्यास नकार दिला होता. "पाचच मिनिटं, काका. नागपूरला लँड करा, सगळे खूश," असे म्हणून श्री. ढोबळे यांनी दंडाला धरून त्यांना बसवले. मोटारीच्या स्टिअरिंगने विमान हाकीत अर्जदार खाली आले. ज्या धावपट्टीकडे एकतीस वर्षे बाजूने पाहिले, ती प्रथमच समोर, सरळ, नाकासमोर दिसत होती. दोनशे फुटांवर चित्र थांबले. पंखे मात्र फिरत होते, जांभळे, मग हिरवे, मग लाल. चार सेकंदांनी चित्राने उडी मारली, तेव्हा विमान धावपट्टीशेजारच्या गवतात नाक खुपसून पडले होते. लोक हसले. श्री. ढोबळे यांनी माईक घेऊन सांगितले, "काकांचं वय झालंय, तरी ट्राय केलं! जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. अर्जदाराच्या हातात लाडवाची बशी देण्यात आली.

५. सहा दिवसांनी इतिवृत्त आले. कलम ६ जसेच्या तसे असे : "ज्येष्ठ सल्लागारांचे हात वयोमानानुसार थरथरल्याने विमान कोसळले. उपकरणे उत्तम स्थितीत आहेत." ईमेल बुद्धभूषण यांनाही गेली. ते सज्जन आहेत, सासऱ्याला उलट बोलत नाहीत. जेवताना एवढेच म्हणाले, "बाबा, प्लीज वाईट वाटून घेऊ नका, पण आता ड्राइव्ह नका करू. रिस्क नको." दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती. उपासनाने अर्जदाराकडे पाहायचे टाळले. या शहरात किल्ली गेली की माणूस घरातल्या फर्निचरमध्ये जमा होतो. शिवाय मंडळाच्याच सभासद कमलाताई इंदूरकर यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेण्याचे काम अर्जदार दोन वर्षे करीत होते. त्या अनोळखी भाड्याच्या गाडीतून एकट्या येऊ-जाऊ लागल्या. त्यांनी फोनवर विचारले, "भाऊ, माझं काही चुकलं का?"

६. अर्जदाराने कलम दुरुस्त करण्याची तोंडी विनंती केली. "मिनिट्स अप्रूव्ह झाल्यात काका, आता चेंज होत नाहीत," असे श्री. ढोबळे यांचे उत्तर मिळाले. पुढच्याच आठवड्यात खोलीच्या दारावर पाटी लागली : साठ वर्षांवरील सभासदांनी उड्डाण करू नये. त्यानंतर यंत्र वारंवार अडकते म्हणून समितीने उपाय केला. पेटीत आणखी तीन रंगीत पंखे बसवले.

७. अखेर सभासद श्रीमती हिमानी साळवे, ज्या पेशाने संगणक अभियंता आहेत, त्यांनी दर सेकंदाची नोंद ठेवणारा प्रोग्राम यंत्रावर चालवला. तेच विमान, तीच धावपट्टी, आणि स्टिअरिंगवर श्री. ढोबळे, वय ४१. तीनदा प्रयत्न, तीनदा गवत. प्रत्येक वेळी दोनशे फुटांच्या आसपास मेमरी भरलेली, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर खिळलेला. हिमानी म्हणाल्या, "काका, तुमचे हात ठीक आहेत. थरथरतोय तो हा डबा." श्री. ढोबळे म्हणाले की त्यांना एक कॉल आहे, आणि गेले. पुढे हिमानी यांनी अर्जदाराच्या टिपणाबरहुकूम घरी यंत्र जोडले. त्यावर अर्जदार सात वेळा उतरले. सहा वेळा व्यवस्थित. सातव्या वेळी वेग जास्त ठेवला, ती चूक सर्वस्वी अर्जदाराची.

८. अर्जदारास खोटे दप्तर चालत नाही, स्वतःच्या बाजूचेही नाही. म्हणून नमूद करतात की त्या दिवशी त्यांचे हात खरोखरच थरथरले होते. पण ते विमान पडल्यानंतर, टाळ्या चालू असताना, बशी हातात असताना.

तरी नम्र विनंती की : कलम ६ वगळावे व तसे सर्व सभासदांना त्याच ईमेलने कळवावे, दारावरची पाटी काढावी. नवे यंत्र, माफी किंवा सत्कार नको. हे शक्य नसल्यास सभासदांच्या यादीतून अर्जदाराचे नाव काढावे, कारण ज्या दप्तरात ते वाक्य आहे त्यात आपलेही नाव असावे, ही कल्पना त्यांना सहन होत नाही.

रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात ज्येष्ठांची वाहन चालवण्याची चाचणी घेतात. अर्जदाराने ती आपणहून दिली. निकाल वाचून उपासनाने किल्ली पुन्हा खुंटीवर अडकवली. बुद्धभूषण यांनी इतिवृत्ताचे काय, असे विचारले, म्हणून हा अर्ज. तो टपालाने न पाठवता अर्जदार स्वतः गाडी चालवत घेऊन आले आहेत. कमलाताई मागच्या सीटवर आहेत, येथून पुढे डायलिसिसला जायचे आहे. आपण खिडकीतून पाहिल्यास गाडी दोन पांढऱ्या रेषांच्या बरोबर मधोमध उभी दिसेल.

आपला, अजून तरी नम्र,
राजाराम खोब्रागडे
अर्विंग, दि. १ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) चार पानी टिपणाची मूळ प्रत, चहाच्या डागासह
२) यंत्राच्या दर सेकंदाच्या नोंदी, पाने अकरा
३) वाहन चालवण्याच्या चाचणीचा निकाल : उत्तीर्ण