'नाही'च्या रकान्यातल्या खुणा

रविवार, १९ जानेवारी १९८६

शरद गेला. काल सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना. कुमुदवहिनींनी खिडकीतून पाहिलं, तर फावडं बर्फात उभं आणि हा आडवा. ॲम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं. चव्वेचाळीस वय.

दोन्ही दिवस त्यांच्याकडेच. उषा त्यांच्या स्वयंपाकघरात, मी फोनवर. फ्यूनरल होम, पुण्याला त्याचा भाऊ, इथल्या मराठी मंडळातली माणसं. प्रत्येकाला तेच वाक्य. शेवटी शेवटी माझा आवाज अगदी ऑफिसातला झाला होता. लाज वाटली.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पॉलिसीचं तुम्हीच बघाल ना?" म्हटलं, बघतो. म्हणायला नको होतं. कारण

सोमवार, २० जाने.

कालचं वाक्य पुरं करतो. निदान इथे तरी.

कारण मला माहीत होतं. ८४ च्या गणपतीत शाळेच्या जिममध्ये मखर लावत होतो. शरद शिडीवरून उतरला, बाकावर बसला, खिशातून छोटी बाटली काढली आणि एक गोळी जिभेखाली ठेवली. विचारलं तर म्हणाला, "जरा छातीत येतं यार मधूनमधून. डॉक्टरकडे जाऊन आलोय. कुमुदला बोलू नकोस, उगाच टेन्शन घेईल."

नाही बोललो. आणि दोनच महिन्यांनी त्याच्या घरी फराळाला बसून मीच त्याला आयुर्विम्याची पॉलिसी विकली. डॉक्टरी तपासणी लागत नाही अशी, नुसता फॉर्म. फॉर्मवर सरळ प्रश्न आहे: छातीत दुखणं किंवा हृदयविकार यावर गेल्या पाच वर्षांत काही उपचार? खूण 'नाही'वर. खूण माझ्या हातची.

शनिवार, २५ जाने.

झोप नाही, भूक नाही. उषाला वाटतंय, मित्र गेला म्हणून. तेही आहेच.

हे सुरू कसं झालं? चौदा वर्षं स्टील मिलमध्ये इंजिनियर. ८२ त मिलला टाळं. चाळिशी उलटलेल्याला कोण घेतो? परीक्षा दिली, लायसन्स काढलं, विम्याचा एजंट झालो. गिऱ्हाइकं कुठली, तर आपलीच, मंडळातली. पण आपल्या घरात मरणाचं बोलायचं कसं? पहिल्याच घरी एका मावशींनी पाणी देता देता ऐकवलं, "शुभ बोल रे नाऱ्या!" बायको चकल्यांची ताटली घेऊन समोर उभी, आणि तिच्या नवऱ्याला मी विचारायचं, कॅन्सर? लघवीतून रक्त? कधी वेड्यांच्या दवाखान्यात होता का? दोन घरांत विचारून पाहिलं. दोन्ही घरांत चहा झाला, सही झाली नाही.

मग युक्ती काढली. आजारांचं पान गाडीतच भरायचं. त्यांच्या घरासमोर गाडी उभी करायची, सगळ्या खुणा 'नाही'वर करायच्या आणि मग बेल दाबायची. आत फक्त नावगाव, जन्मतारीख, सही. लोक खूश, याचं काम किती सुटसुटीत! माझा मॅनेजर डॉन तर भलताच खूश. वर्षातला उत्तम एजंट म्हणून दोनदा ढाल मिळाली. हॉलमध्ये टांगली आहे. आज काढायला गेलो, तर भिंतीवर मागे पांढरा चौकोन. परत टांगली.

शनिवार, १ फेब्रुवारी

शरदचा तेरावा. खरा परवा होता, पण गुरुवारी रजा कोणाला, म्हणून सोयीने आज. गुरुजी म्हणजे आपले एक केमिकल इंजिनियर, पोथीत बोट घालून. जानवं सव्य की अपसव्य यावर पाच मिनिटं गोंधळ. शरद असता तर हसू आवरलं नसतं त्याला.

जेवणं झाल्यावर मीनल, त्यांची एकुलती मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पॉलिसीचे कागद घेऊन टेबलाशी बसली होती. फॉर्मची प्रत पॉलिसीलाच जोडलेली असते. एकेक पान वाचत होती. इतक्या वर्षांत ते पान वाचताना मी कोणालाही पाहिलेलं नाही.

"काका, धिस इज युवर हँडरायटिंग."

"हो, सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो."

"बट डिड यू आस्क हिम? ईच वन?"

म्हणालो, फोन वाजतोय वाटतं, आणि आत गेलो. फोन वाजत नव्हता. तो कानाला लावून उभा राहिलो.

मंगळवार, ११ फेब्रु.

डॉनने बोलावलं. दार लावून घेतलं. पॉलिसीला दोन वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे कंपनी खणून काढणार हे मला ठाऊकच होतं. खणलं. शरदच्या डॉक्टरचे कागद आले. अँजायना, गोळ्या, तारखांसकट.

डॉन म्हणाला, "तू विचारलंस, तो 'नाही' म्हणाला, तू लिहिलंस. राइट?" प्रश्न नव्हता तो.

असं म्हटलं की शरद खोटारडा ठरतो. पॉलिसी रद्द, भरलेले हप्ते परत, वहिनींच्या हातात बाकी काही नाही. मी स्वच्छ.

विचारलं, "आणि एजंटला आधीच माहीत असेल तर?"

"देन आय डिडंट हिअर दॅट," म्हणाला. मग खिडकीकडे बघत सांगितलं. एजंटला माहीत म्हणजे कंपनीला माहीत, असं कोर्ट धरू शकतं. कंपनीला क्लेम द्यावा लागेल. माझं लायसन्स जाईल, कदाचित खटलाही होईल. आणि मी लिहिलेला प्रत्येक फॉर्म उघडतील. डॉन वाईट माणूस नाही. त्याच्याही दोन मुली कॉलेजात आहेत.

बुधवार, १२ फेब्रु.

उषाला सगळं सांगितलं. पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. मग म्हणाली, "तुमचं वय सत्तेचाळीस. आता तिसऱ्यांदा कोण दारात उभं करणार तुम्हाला?"

बरोबर आहे. घोड्यावरून गाढवावर आलोच होतो, आता गाढवावरूनही खाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "कुमुदकडे मी डबा घेऊन जाते ना, तो आता नेववणार नाही मला. पोहोचवा तुम्हीच." मी गेलो नाही. डबा ओट्यावरच गार झाला.

आणखी एक. शरदचं दुखणं माहीत असूनही त्याला विकली का? त्याच्या माणसांच्या काळजीने? हो. आणि ढालीला एक पॉलिसी कमी पडत होती म्हणूनही. दुसरं जास्त खरं आहे.

रविवार, २३ फेब्रु.

डेव्हनवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, किराणा घ्यायला. तांदळाच्या पोत्यांपाशी जोशींनी गाठलं. मागच्या वर्षी त्यांचा फॉर्म भरला होता. इकडेतिकडे बघून हळूच, "अरे, माझ्या शुगरचं तू काय लिहिलंयस?"

म्हणजे बातमी फिरली. मीनल बोलली असेल. बोलायलाच हवं होतं तिने.

"बघून सांगतो," म्हटलं. बघायचं काय त्यात? सगळ्यांचं एकच लिहिलंय.

जोशीकाकू लांबून बघत होत्या. नेहमी हाक मारतात, आज मारली नाही. या माणसांच्या घरी मी मरणाचं नाव निघू दिलं नाही. आता त्यांच्या घरात दुसरं काही निघत नसेल.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी कंपनीच्या तपासनीस बाई घरी आल्या. पन्नाशीच्या असतील. बूट पायपुसण्यावर नीट पुसून आत. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायच्या आणि उत्तर येईपर्यंत पेन वर धरून थांबायच्या. कितीही वेळ लागो. उषाने चहा ठेवला आणि आत न जाता दारातच उभी राहिली. आत जा म्हणून खूण केली, हलली नाही.

"डिड ही एव्हर टेल यू अबाउट हिज हार्ट?"

पेन वर. मला मखर दिसलं, बाक दिसला, ती बाटली दिसली.

"येस," म्हणालो.

मग थांबलो नाही. गोळी सांगितली, गाडी सांगितली, बेल दाबायच्या आधीच्या खुणा सांगितल्या. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, सही करण्यापूर्वी त्याने ते पान वाचलं होतं का? वाचून सही केली असेल, तर तोही खोट्यात सामील, आणि मी आता काहीही सांगितलं तरी त्याच्या बायकोला मिळणार नाही.

नाही वाचलं. लख्ख आठवतं. लाडवाने तुपकट झालेला हात त्याने पंच्याला पुसला. मी शेवटचं पान उघडून सहीच्या जागेवर बोट ठेवलं. पेन घेत म्हणाला, "तू भरलंयस ना? मग बघायचं काय त्यात."

बाईंनी विचारलं, हे ऐकणारं आणखी कोणी? होत्या, कुमुदवहिनी. पण त्यांचं धरणार कोण, क्लेम त्यांचाच. राहिलो मी. इतकी वर्षं खोट्या खुणा करणारा, तो आज मेलेल्या मित्राच्या बाजूने बोलतोय. यावर कंपनी विश्वास ठेवेल? मी तिच्या जागी असतो तर ठेवला नसता.

कंपनीचं उत्तर कधी येईल ते बाईंनी सांगितलं नाही. डॉनने उद्या ऑफिसात येऊ नकोस म्हणून निरोप ठेवलाय. वहिनींना अजून काही कळवलेलं नाही, कोणत्या तोंडाने कळवू?

सही करायच्या आधी बाईंनी माझा जबाब माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, सगळा वाचा, घाई करू नका, काही चुकलं असेल तर सांगा.

शरदला मी एवढंही म्हणालो नव्हतो.