झाकणाखालची ठकठक

माल्टा, १९२७

प्रिय हेस्टर वहिनी,

आमच्या लढाईचा सिनेमा प्लिमथला लागला की तू पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसणार म्हणतेस. “जॅगो क्षणात गेला, मग बघायला कसली भीती?” अगं बाई, म्हणूनच घाईघाईनं लिहितोय.

इथं नुसता धिंगाणा चाललाय. नौदलानं सिनेमावाल्यांना अख्खं जहाज दिलंय, वर आम्ही खलाशीही दिलेत. सकाळी आम्ही इंग्रज म्हणून मरतो, दुपारी टोप्या बदलून जर्मन म्हणून. परवा धुराचं नळकांडं फुटून आमच्यातल्या बिचाऱ्या टॉबीचा चेहरा भाजला, तर कॅमेरावाला ओरडतो, “वा! तसाच लोळत राहा!” त्याला उचलून समुद्रात फेकणारच होतो आम्ही. पण त्या भाजलेल्या मांसाच्या वासानं सगळी लढाई परत डोळ्यांपुढे आली. आमची तोफ बंद पडलेली. शेजारच्याचं धड उभं, डोकं नाही. पायाखाली दारूगोळ्याची कोठी, तिच्यात आपला जॅगो. आग तिथवर पोचली असती तर जहाजाच्या चिंधड्या झाल्या असत्या. आमच्या तोफेवरचा अधिकारी स्टॅनिंगसाहेब, त्यानं कोठीचं झाकण लावून आत पाणी सोडायला लावलं.

तोच स्टॅनिंग आता कमांडर झालाय आणि सिनेमात स्वतःचंच काम करतोय. त्यानं लिहून दिलेला प्रसंग असा: तो खाली हाक मारतो, कुणी ओ देत नाही, सगळे मेलेले; मग तो टोपी काढतो आणि झाकण लावतो. मला खाली मेलेला जॅगो म्हणून झोपवलं. झाकण पडलं, अंधार झाला आणि माझं डोकंच फिरलं. हाताशी लागलेल्या पान्यानं मी लोखंडावर ठोकलं. दोनदा, मग थांबून एकदा. रजेवर आला की जॅगो तुझं दार ठोकायचा ना, तसं.

खालून ठोकलं की वरून ठोकून उत्तर द्यायचं, ही आमची रीत. लढाईत कुणी दिलं नव्हतं. या खेपेला आलं. मग झाकणच उघडलं. वर स्टॅनिंग, पांढराफटक, बोटं सोलून रक्तबंबाळ, “आलो रे पोरांनो, आलो!” म्हणून ओरडतोय. मला दया यायला हवी होती. नाही आली. वर चढून मी पाना त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. साहेबावर हात उचलला म्हणजे तुरुंगच, पण रक्त थुंकत तो म्हणाला, “शिडीवरून घसरलो मी. कुणी काही पाहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी प्रसंग पुन्हा घेतला, ठोकाठोकीशिवाय. तोच तुला दिसेल. स्टॅनिंग तुझ्या शेजारीच बसेल आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगेल, तसा शब्द दिलाय त्यानं मला. पण चारचौघांत, परक्याकडून तुला हे कळू नये. वहिनी, जॅगो क्षणात गेला नाही. मी वर तोफेपाशी होतो, मी ऐकलंय. पाणी भरेपर्यंत तो ठोकत होता. दोनदा, मग थांबून एकदा. तुलाच बोलावत होता गं. सिनेमाला आवाज नसतो, तेव्हा बँडवाले मोठ्यानं वाजवत असतील. वाजवू दे. झाकण पडलं की तू खुर्चीच्या हातावर ठोक. कुणीतरी उत्तर द्यायला हवं त्याला.

तुझाच दीर,
सायलस