जमादाराचा दोर

मंगळवार, भादवा, १९८३

आज लय थकली, पण नातीचं लिहिल्याशिवाय झोप नाही येत. शेजारची पारबती लेकरू गेल्यापासून जेवत नव्हती. दुपारी विहिरीच्या काठावर जाऊन बसली, येडी झाली म्हणून लोकं जमले. ठाण्यातला जमादार आला तो तिले बांधाले दोर घेऊन. दोर काहून, बापा? माही नात सुमन नागपूरले वेड्यांच्या दवाखान्यात नर्स, सुटीवर आली हाय. म्हणे, "काका, तुम्ही लोकं हटवा, मी बोलतो." जवळ बसून तिनं लेकराचं नाव विचारलं. गावात कोणी ते नाव घेतच नव्हतं. पारबती बोलली, रडली, मंग उठली. त्याच दोरानं जमादारानं पाणी काढून देल्लं, तिनं तोंड धुतलं.

जाताना जमादार म्हणे, "बाई, असं कुठं झालं त संग याल का?"

सुमन म्हणे, "दोर ठाण्यात ठेवून बोलवा, येतो."