अठराव्या मिनिटाला

गुरुवार, ६ नोव्हेंबर

'ताई, वेबसाइटसाठी तुमचा परिचय आणि पद्धत, दोनशे शब्दांत. सोपं ठेवा हं!' हे अनुजाने मला सांगावे? या समुपदेशन केंद्रात येऊन तिला जेमतेम दोन वर्षे झाली. दोन पदव्युत्तर पदव्या, बंगळूरूचे प्रशिक्षण, दादरमधली चौदा वर्षांची सेवा... हे सोपे कसे ठेवायचे? तरीही लिहिले. शेवटचे वाक्य तीनदा घासून घेतले : 'समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे, हीच माझी पद्धत.' निर्दोष झाले आहे.

शिवाय नवी टूम. प्रत्येक समुपदेशकाने एका सत्राचे ध्वनिमुद्रण द्यायचे, आणि कोण किती मिनिटे बोलले हे सहकाऱ्याने घड्याळ लावून मोजायचे. माझे मोजणार अनुजा! असो. परवाचे जयवंतांचे सत्र दिले, त्यांच्या संमतीने. वय चोपन्न, लालबागची चाळ, लोअर परळच्या एका टॉवरवर सुरक्षा पर्यवेक्षक. त्याच जागेवरच्या गिरणीत वडील साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. जयवंत घरात अकारण चिडतात, म्हणून पत्नीने माझ्याकडे धाडले. गिरणीचा संप, वडिलांचे मौन आणि जयवंतांचा राग यांची सांगड मी परवा अशी घातली की ते रडले. विद्यार्थ्यांना ऐकवावे असे सत्र.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जयवंत आले नाहीत. निरोपही नाही. इतके रडल्यावर लोक एक सत्र टाळतातच. तशी नोंद केली. गैरहजर व्यक्तीला आपण होऊन फोन करायचा नाही, हा माझा नियम. माणसे परावलंबी होतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एकतीस मिनिटे!

पन्नासपैकी एकतीस मिनिटे मी बोलले. ते चौदा. उरलेली शांतता. अनुजाने कागद पालथा घालून माझ्यापुढे ठेवला, जणू दहावीचा निकाल. 'ताई, तुम्ही स्वतः एकदा ऐकाल का? अठरावं मिनिट.' मी म्हणाले, तुझे घड्याळ तपासून घे. तिने कागदावर 'अठरा' लिहून खाली रेघ मारली. तिची ती रेघ मला उद्धट वाटली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऐकले. पाच वेळा ऐकले.

मी संपाविषयी बोलते आहे. सुरेख बोलते आहे. मध्येच त्यांचा आवाज : 'मॅडम, ते राहू दे जरा. परवा दुपारी मी गच्चीवर गेलो ना, तर कठड्यावर...' आणि लगेच मी : 'जयवंत, त्याकडे आपण नंतर येऊ. आधी आजचे सूत्र पूर्ण करू.'

ते म्हणतात, 'हो मॅडम, सॉरी.'

सॉरी! नंतर मी त्याकडे आलेच नाही. त्यानंतर सहा मिनिटांनी ते रडतात. आणि मी समजले, माझ्या सांगडीमुळे!

चोपन्न वर्षांचा माणूस भर दुपारी कठड्याशी काय करत होता, हे नवशिक्यालाही कळले असते. मला ते सांगायला आला होता. मी त्याला सूत्र दिले. आता तो आलेला नाही, आणि मी त्याच्या नावापुढे 'टाळाटाळ' असे लिहून ठेवले आहे, माझ्या सुवाच्य अक्षरात!

फोन केला. बंद. पुन्हा बंद. नियम गेला खड्ड्यात. उद्या उजाडताच लालबाग.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दार उघडणाऱ्या बाईंचा चेहरा मी जिन्यावरूनच वाचू लागले होते. कुंकू होते.

'अगो बाई, मॅडम? तुम्ही हय? येवा, आत येवा!' या कांताबाई, जयवंतांच्या पत्नी. 'ह्ये वर गच्चीत. आठ दिस झाले, रजा टाकल्यानी. सकाळधरना थयच. फोन पण बंद करून ठेवल्यानी. इचारलंय तर म्हणतत, वारो खातंय. ह्येंका वारो, माका घाम! पूर्वी, मॅडमांका पाणी दी गो.'

मुलगी एकोणीस-वीसची. मान वर न करता पेला ठेवला आणि मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. साधे 'या' नाही! आजकालच्या मुलींना रीत म्हणून शिकवत नाहीत, असा विचार मी केला. होय, त्या क्षणीसुद्धा केला.

चार मजले चढले. जयवंत प्लास्टिकच्या खुर्चीवर, कठड्याला पाठ लावून, तोंड जिन्याच्या दाराकडे. मला पाहून ताडकन उठले. मी धापा टाकतच विचारले, जसे आम्ही शिकवतो तसे, सरळ शब्दांत : 'जयवंत, जीव द्यावा असे तुम्हाला वाटते आहे का?'



'मला? मला कशाला वाटेल, मॅडम?' मग आवाज खाली आणला. 'मी त्या दिवशी तेच बोलत होतो. कठड्यावर आमची पूर्वी बसलेली. पाय बाहेर सोडून. तिच्या आईला अजून माहीत नाय, ती हार्टची पेशंट. आणि या दाराला कडी नाय. म्हणून इथं ड्युटी लावून घेतली.'

त्यांनी अर्ध्यावर सोडलेले वाक्य काल रात्रभर मी माझ्या मनानेच पूर्ण केले होते. तेही चुकीचे!

आणि खाली तिने मला पाणी दिले होते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पूर्वीला आज डॉक्टरांकडे नेले. जयवंत केसपेपर काढायला गेले, तेव्हा बाकावर ती प्रथमच बोलली.

'पप्पा त्या मंगळवारी तुमच्याकडून घरी आले आणि बोलले, मॅडमना सगळं सांगितलंय, त्या बघतायत. म्हणून मी थांबले.'