भिंतीतलं भोक

भालकी, गुरुवार, १४ डिसेंबर १९५०

थोरला भाऊ अण्णा पटावर लढाईचा खेळ मांडतो; त्यासाठी मी मातीचे शिपाई रंगवते, तो पुठ्ठ्याची घरं करतो. म्हणतो, हे जुन्या काळचं कुठलंही गाव. मग एका घराच्या मागच्या भिंतीला भोक कसं?

तसं भोक आमच्या मुडबीच्या घराला होतं. रझाकारीत आम्हा बायकांना निसटता यावं म्हणून वडिलांनी, अप्पांनी, पाडलेलं. आम्ही त्यातून रांगत निघालो, आणि दुसऱ्याच दिवशी अप्पांनी ते लिंपलं; पुढे घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही. अण्णा तेव्हा सोलापुरात होता. असं तोच सांगतो.

"अण्णा, हे भोक कामून?"

"हवेला. चार बुकं शिकलीस म्हणून उलटतपासणी करायलीस व्हय?"

हवेला? की तो तिथंच होता, आणि आम्हाला पाहूनही पुढे आला नाही? सख्ख्या भावाबद्दल असं मनात आणावं का?

भिंत रंगवताना मी भोक मातीनं बुजवलं. त्यानं ते काडीनं उकरलं आणि बाहेर, भिंतीशी, एक कोरा शिपाई ठेवला. पाठ घराकडे.

"ह्याला कोणता रंग देऊ?"

"ह्याला नको. हा कुणाला दिसलाच न्हाई."

मी ब्रश धुऊन ठेवला. पाठ घराकडे, नजर बाहेर, म्हणजे राखणच ना?